थोरल्यांचं नाव

डोंगरातल्या आकबुलाक गावच्या वाचनालयात आसिपानं उभा जन्म काढला, आणि त्या जन्मात गावाला हजारो नावं वाचून दाखवली. जिभेला गाठ पडेल अशी रशियन नावं, जर्मन शास्त्रज्ञांची नावं, फुलांची, खडकांची, मेंढ्यांना होणाऱ्या रोगांची. एकच नाव तिच्या तोंडून कधी निघालं नाही. ते तिच्या सासऱ्यांचं. आमच्या जिभेला तसं काही बंधन नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो: जोलदोश.

सुनेनं सासऱ्याचं, थोरल्या दिरांचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. हल्लीच्या मुली बँकेत, दवाखान्यात खुशाल सगळी नावं सांगून मोकळ्या होतात आणि त्यामुळे कुणाच्या घरावर वीज पडलेली आम्ही पाहिलेली नाही. पण आसिपा लग्न होऊन आली ते दिवस वेगळे होते, आणि आसिपाही वेगळी. तिनं सासऱ्यांना ‘थोरले’ म्हणायला सुरुवात केली ती कायमची. ते नाव तोंडातून काढायची पाळी तिच्यावर आली साठी उलटल्यावर, आणि तीही कशापायी, तर एका फोनपायी.

सासऱ्यांचं नाव दुसरं काही असतं तर सुरुवातीची फजिती तरी टळली असती. आमच्या भाषेत जोलदोश म्हणजे सोबती. आणि तो काळ असा, की कचेरीत पाऊल टाकलं की समोरच्याला ‘सोबती अमुक’, ‘सोबती तमुक’ म्हणायचं. ‘साहेब’ आणि ‘मालक’ हे शब्द तर क्रांतीतच पुरून टाकले होते. वाचनालयात कामाला लागून आसिपाला आठवडाही झाला नव्हता, तेवढ्यात जिल्ह्याचा तपासनीस कासिमाली आला. सगळे उभे राहिले. नव्या पोरीनं स्वागत करावं म्हणून तिला पुढं ढकललं. सोबती म्हणावं तर सासऱ्यांचं नाव तोंडात येतं, न म्हणावं तर पाहुण्याचा अपमान. तिनं खाली मान घातली आणि म्हणाली, "या, कासिमाली मालक."

कासिमालीचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "मालक? कुठला मालक? मालक आमच्या आजोबांनी संपवले!"

कपाटामागं कुणीतरी खुदकन हसलं. ते थोरलेच; वाचनालय तेच चालवायचे. पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून ते बाहेर आले. "रागावू नका, सोबती," म्हणाले. "तिनं तुम्हाला नीट हाक मारली असती तर ओ मला द्यावी लागली असती."

आसिपा राजधानीत ग्रंथालयाचं शिक्षण घेऊन आलेली. थोरल्यांचा मुलगा शेराली तिथंच ट्रॅक्टर दुरुस्तीचं शिकत होता. तो तिला आमच्याकडच्या चालीप्रमाणे पळवून बिळवून न आणता रीतसर मागणी घालून घेऊन आला, याचंच गावाला आश्चर्य. लग्नानंतर शेजारणींनी ठरवूनच टाकलं होतं, की आता ही चूल सांभाळणार. सुनेचं काम काय, तर पहाटे उठायचं, वाकून नमस्कार करायचा, चहा ओतायचा. थोरले मात्र तिला दुसऱ्याच आठवड्यात आपल्याबरोबर वाचनालयात घेऊन गेले. गावातल्या कुणीतरी टोमणा मारला, "काय हो, सुनेला पगारावर ठेवली?" तर म्हणाले, "चहा मलाही ओतता येतो. पुस्तकं हिच्यासारखी लावता येत नाहीत." हे वाक्य आसिपानं आयुष्यभर जपून ठेवलं. त्या काळी सासऱ्यानं सुनेची चारचौघांत अशी तारीफ करणं म्हणजे तिला सोन्यानं मढवण्यासारखंच होतं, आणि तिच्याजवळ परत द्यायला काय होतं? एक मानच होता. नाव न घेणं हा तो मान. तो तिनं चोख दिला.

थोरल्यांचा घोडा कबरा होता आणि स्वभावानं आळशी. उन्हाळ्यात मेंढपाळ वरच्या कुरणांवर गेले की घोड्याच्या दोन्ही अंगांना लोकरीच्या पडश्या टाकायच्या, त्यांत पुस्तकं भरायची आणि तंबू तंबू हिंडायचं, हा त्यांचा नेम. आमच्याकडे घोड्याचं मांस आवडीनं खातात, त्यामुळे कासिमालीच्या पोटात हे दुखायचं. "एवढं मांस चार पायांवर हिंडतंय, आणि पाठीवर काय, तर कविता!" असं तो जिथं तिथं म्हणायचा. एका शरदात त्यानं हुकूमच आणला: वाचनालयाच्या सामानात घोडा बसत नाही, सबब तो सामुदायिक शेताच्या खाटिकाकडे जमा करावा. थोरल्यांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एक पत्रा रंगवून घोड्याच्या खोगिराला टांगला. त्यावर लिहिलं होतं, ‘आकबुलाक वाचनालय, शाखा क्रमांक दोन’.

"शाखा बंद करायची तर प्रांताची मंजुरी लागते, सोबती," ते कासिमालीला म्हणाले. "आणि शाखा कापून खायची असेल तर मला वाटतं मॉस्कोची."

शाखा क्रमांक दोन म्हातारी होऊन आपल्या मरणानं मेली.

त्या उन्हाळ्यांबद्दल बोलायला लागली की आसिपाचा आवाज बदलतो. ती थोरल्यांच्या मागून दुसऱ्या घोड्यावर असायची, पुढ्यात तान्हं मूल बांधलेलं. पुस्तकं द्यायची, मागची घ्यायची. घेतलेलं पुस्तक कधी एकटं यायचं नाही. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, मग पुस्तक तरी कसं करणार? कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या, आंबट गोळ्यांची पुरचुंडी यायची, लोणी यायचं, एकदा एका म्हातारीनं शेतीशास्त्राच्या पुस्तकाबरोबर जिवंत कोकरू पाठवलं होतं. खूण म्हणून पानांत गवताची काडी असायची, नाहीतर गरुडाचं पीस. पुस्तकांना धुराचा आणि लोकरीचा वास यायचा. तो अजून कपाटांत आहे असं आसिपा म्हणते. आम्हाला उंदरांचा येतो.

आणि दिवस कलला की वाचन. लोकर कातरून दमलेली माणसं गवतावर आडवी व्हायची आणि आसिपा मोठ्यानं वाचायची. आता त्या काळच्या पुस्तकांत ‘सोबती’ हा शब्द पानापानाला. तो आला की आसिपा थांबायची, आणि मागं बसलेले थोरले हातातलं काम न सोडता तो शब्द म्हणायचे. पुढं पोरांना हे कळलं. मग पोरं तिच्या ओठांकडं टक लावून बसायची आणि ती थांबली रे थांबली की सगळं कुरण ओरडायचं, "जोलदोश!" गोष्ट कुणाला कळो न कळो, त्या एका शब्दासाठी लांबलांबच्या तंबूंतून माणसं यायची. आसिपा डोक्याच्या रुमालाआड हसायची, आणि थोरले उगाच रागावल्यासारखं करायचे, "अरे, किती वेळा हाका मारता!"

मॉस्कोची सत्ता संपून देश मोडला त्या हिवाळ्यात थोरले गेले. तंबूत भिंतीकडं तोंड करून बायकांनी शोक गायचा असतो, तसा आसिपानंही गायला. त्यातसुद्धा नाव घेतलं नाही. त्यानंतर पहिल्यांदा ती वाचायला बसली तेव्हा सवयीनं त्या शब्दापाशी थांबली. कुणी काही बोललं नाही. पोरंसुद्धा गप्प. तिनं पुस्तक मिटलं आणि घरी गेली.

पुढची वर्षं वाईट होती. पगार नाही, कोळसा नाही, छपरातून पाणी. आसिपा घरच्या गोवऱ्या पोत्यात घालून न्यायची आणि वाचनालयाची शेगडी पेटवायची. वाचक मात्र एकेक करून निघून गेले. कुणी मॉस्कोत रस्ते झाडायला, कुणी इस्तंबूलला शिवणकामाला. जाताना पुस्तकं परत करायला यायचे, आणि आसिपा म्हणायची, "राहू दे रे, परत आलास की दे." बरेच जण आले नाहीत. तिला ती पुस्तकं गेल्याचं दुःख नव्हतं. आपल्याला आता कुणी विचारत नाही, याचं होतं, आणि ते ती लपवायचीही नाही.

अशी कितीएक वर्षं गेल्यावर प्रांताच्या मोठ्या वाचनालयानं ठरवलं, की आता वाचकांची सोय घरबसल्या करायची. पुस्तक आहे की नाही ते फोनवर बघायचं, मुदत फोनवर वाढवायची, आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा वेळ नाही त्यांनी पुस्तकं फोनवर ऐकायची. हे शिकवायला गुलझात नावाची मुलगी आली. हसतमुख, बोलकी, एका खांद्याला पिशवी आणि दुसऱ्या खांद्याला कायम फोन.

"घरबसल्या?" आसिपा म्हणाली. "मग मी कोळसा कुणाच्या नावानं मागू?"

"एजे, तुम्ही बघा तर खरं," गुलझात म्हणाली. एजे म्हणजे ताई, आमच्याकडे मोठ्या बाईला तसंच म्हणतात. "जे निघून गेले ते सगळे परत येतील."

आसिपाला हे पटलं नव्हतं, पण झालं मात्र तसंच. गावाचा गट फोनवर तयार झाला आणि पहिल्याच आठवड्यात इस्तंबूलहून, तिकडं शिवणकामाला गेलेली नुरझामाल बोलली, "एजे, तुमचं एक पुस्तक माझ्याकडे राहिलंय, मला अजून धाक वाटतो!" मॉस्कोतून कुणी विचारलं, त्या अस्वलाच्या गोष्टीचं पुढं काय झालं? आसिपानं चष्मा लावला, पुस्तक काढलं आणि फोनसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. वरच्या कुरणावरचे मेंढपाळ रेंजसाठी टेकडी चढून ऐकू लागले. एकच तक्रार तिची राहिली. "सगळं खरं," ती म्हणायची, "पण फोनमधून कुरुत येत नाही."

मग गुलझातला कल्पना सुचली. "एजे, पुस्तकांना लेखकांची परवानगी लागते, त्यात वेळ जातो. तुम्ही तुमचीच गोष्ट सांगा. हे वाचनालय कसं उभं राहिलं ते. पाच-सहा भाग करू."

खिडकीवर लोकर दाबून केलेली जाड सतरंजी टांगून, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी तजवीज करून आसिपानं गोष्ट सांगितली. पडश्या सांगितल्या, कुरणं सांगितली, कोकरू सांगितलं. शाखा क्रमांक दोनची हकीकत तर अशी रंगवली, की गुलझातला तोंडावर हात ठेवावा लागला. ‘थोरल्यांनी असं केलं’, ‘थोरले तसं म्हणाले’. कासिमालीचं नाव मात्र ठसक्यात, दर दोन वाक्यांनी. का नाही यायचं? तो तिचा कोण लागत होता!

ती गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. एकानं दुसऱ्याला पाठवली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. कोरियातल्या कारखान्यातून, सैबेरियातल्या वीटभट्टीवरून माणसं बोलली. घरात आसिपाच्या सासूबाई, नव्वदीच्या पुढच्या आपा, डोळे गेल्यासारखेच, फोन कानाशी धरून रोज चहाबरोबर ऐकायच्या आणि संपलं की पुन्हा लावायला सांगायच्या. आसिपाच्या पायांना जमीन लागत नव्हती.

आणि मग प्रांताच्या वाचनालयाच्या इंटरनेटवरच्या पानावर एक चित्र आलं. छातीवर पदकं लावलेला, गालफुग्या कासिमाली. खाली लिहिलेलं, ‘आकबुलाकच्या फिरत्या वाचनालयाचे जनक’. आणि त्याखाली, येत्या नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, घरबसल्या ऐकायच्या साऱ्या पुस्तकांच्या या नव्या दालनाला त्यांचं नाव देण्यात येईल.

दोष तरी कुणाला द्यावा? तिकडं कुणीतरी सगळे भाग अर्ध्या कानानं ऐकले होते. त्यात पुरुषाचं नाव एकच. ‘थोरले’ म्हणजे कोण, हे त्या शहरी माणसाला कसं कळावं? त्याला वाटलं, बाई कासिमालीलाच कधी नावानं म्हणतात, कधी आदरानं थोरले म्हणतात. कासिमालीच्या नातवानं आनंदानं फोटो पाठवून दिला.

गावात आधी हसू झालं आणि मग संताप. "आयत्या बिळावर नागोबा!" म्हातारा मुकाश मेंढपाळ दुकानात सगळ्यांसमोर ओरडला. "त्या कासिमालीनं पुस्तक हातात घेतलेलं मी एकदाच पाहिलंय, आणि तेव्हा एक माशी मेली!"

आसिपाला हसूही आलं नाही आणि रडूही. तिनं गुलझातला फोन लावला. गुलझात बिचारी कानकोंडी झाली. "एजे, आत्ता दुरुस्त करते. नाव काय त्यांचं?"

आसिपानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"एजे? ऐकू येतंय का?"

"येतंय. लिहून पाठवते."

लिहायला तिला अडचण नव्हती. कागदावर तिनं ते नाव कितीदा लिहिलं होतं. बंधन जिभेला होतं, हाताला नाही. संध्याकाळपर्यंत पान सुधारलं, कासिमाली गेला, जोलदोश आले. पण गोष्ट तिथं मिटली असती तर काय हवं होतं! लोक पान वाचत नव्हते, गोष्ट ऐकत होते. ती हजार फोनांत जाऊन बसली होती आणि तिच्यात कासिमालीच कासिमाली होता. पानाखाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. ‘हे जोलदोश कोण? आम्ही तर ऐकलंय त्यात कासिमाली आहेत.’ ‘नाव कुणी बदललं?’ ‘ज्याची सत्ता त्याचा माणूस!’ आकबुलाकमधून गेलेल्यांचीच शहरात जन्मलेली मुलं होती ती. त्यांनी ना घोडा पाहिला होता ना थोरले.

"एजे, ज्या आवाजानं लोकांनी ऐकलं त्याच आवाजानं सांगावं लागेल," गुलझात म्हणाली. "नवरोजच्या आधी एक छोटा भाग. तुम्ही फक्त एकदा म्हणायचं. नाहीतर लोक मानणार नाहीत आणि वरचे लोक म्हणतात, वाद असेल तर मग कुणाचंच नाव नको."

कुणाचंच नाव नको. हे आसिपाला कासिमालीपेक्षाही लागलं.

आधी पळवाटा झाल्या. गुलझात म्हणाली, यंत्राच्या आवाजात नाव मधेच घालता येतं. तिनं नमुना ऐकवला. आसिपाचा आवाज चालला होता, "आणि मग आमचे," आणि तिथं पत्र्याच्या डब्यातून यावं तसं कुणीतरी बोललं, "जोल-दोश", की पुन्हा आसिपा. आसिपानं फोन उलटा करून ठेवला. "ही कोण बाई आमच्या घरात शिरली?" ती म्हणाली.

मग नवरा. शेरालीला बापाचं नाव घ्यायला कोणतीच आडकाठी नव्हती. ती बोलेल आणि नावापाशी थांबली की तो नाव म्हणेल असं ठरलं. शेराली जन्मभर ट्रॅक्टरशी बोललेला माणूस. तिनं कोपर लावलं की तो स्टेशनवरच्या हमालासारखा ओरडायचा, "जोलदोश!" आणि पुढं खोकायचा. तिसऱ्या खेपेला आसिपा म्हणाली, "अहो, तुम्ही बाहेर जाऊन शेण काढा बघू."

"मग म्हण की तूच एकदाची!" शेराली चिडला. "माझा बाप काय नाव घेतल्यानं झिजणार आहे?"

"तुमचा बाप असेल," आसिपा म्हणाली. "माझे थोरले आहेत." आणि मग ती रडली. तिचं म्हणणं साधं होतं, पण शेरालीला ते समजावून सांगता येईना. नाव बाहेरच्या माणसांनी घ्यायचं. कासिमालीनं घेतलं, खाटिकानं घेतलं, पगारवाल्यानं घेतलं. घरातल्या माणसाला नाव लागत नाही. आज आपण ते घेतलं की आपणही त्या बाहेरच्यांत जाऊन उभ्या राहिलो. आणि नाही घेतलं, तर ज्यांनी आपल्याला चुलीपासून उठवून पुस्तकांत बसवलं त्यांना जग ओळखणारच नाही. दोन्हीकडून जाणार होते ते थोरलेच.

शेवटी गुलझात आवाज टिपायचं यंत्र घेऊन स्वतः आली. दुपारच्या गाडीनं तिला परतायचं होतं. आसिपा तिला घेऊन आपांच्या खोलीत गेली. आपा उन्हात पाय पसरून बसल्या होत्या.

"आपा, एक विचारायचं होतं."

"विचार. पण आधी चहा दे. आणि वाटी काठोकाठ भरू नकोस, ती तर पाहुण्याला ‘उठा आता’ म्हणायची खूण; मला एवढ्यात उठवायचं असेल तर तसं सांग."

आसिपानं अर्धी वाटी दिली आणि सगळं सांगितलं. कासिमालीचं चित्र, लोकांची बडबड, नवरोज. आपांनी मधेच थांबवलं.

"कासिमालीचं नाव कुठून आलं? मी रोज ऐकते ना. त्यात तर सगळं आमच्यांचंच आहे."

"आपा, त्यात थोरल्यांचं नाव नाही."

"नाही?" आपांनी वाटी खाली ठेवली. "मला तर शब्दाशब्दाला ऐकू आलं."

या म्हातारीनंही सत्तर वर्षांत ते नाव कधी उच्चारलं नव्हतं. ‘आमचे’, ‘मुलांचा बाप’, ‘घोड्यावरचा’, एवढ्यावर तिचा संसार झाला होता.

"आपण दोघींनी मिळून त्यांना झाकून ठेवलं की ग," आपा म्हणाल्या. "चांगली गोष्ट पेटीत ठेवावी आणि पेटी कुणाला दाखवूच नये, तसं."

"मग मी म्हणू?"

"मला काय विचारतेस? मला कुणी विचारून बांधलं होतं?" आपांचा आवाज चढला. "मी म्हणणार नाही. माझी जीभ आता वळायची नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या जिभेला वळणं आहेत. तू म्हण."

"तुम्हाला राग नाही ना येणार?"

"येईल. तरी म्हण."

गुलझातनं यंत्र पुढं सरकवलं. सुरू करा म्हणून तिनं मान हलवली. आसिपा सुनेनं बसावं तशी गुडघे मोडून, रुमाल सावरून बसली. पहिल्या दिवशी सासूसमोर बसली असेल तशीच. "मी आसिपा, आकबुलाकच्या वाचनालयातून बोलते," ती म्हणाली. "तुम्ही माझी गोष्ट ऐकलीत. तीत मी ज्यांना थोरले म्हणाले ते कासिमाली नव्हेत. ते माझे सासरे. हे वाचनालय त्यांनी घोड्यावर घालून कुरणांपर्यंत नेलं. कासिमाली त्या घोड्याला खायला निघाले होते. माझ्या सासऱ्यांचं नाव..."

तिनं नाव घेतलं, पण नुसतेच ओठ हलले. गुलझातनं यंत्राकडं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "एजे, आलं नाही."

आसिपानं पुन्हा म्हटलं. श्वासाइतकंच. डोळ्यांतलं पाणी गालांवरून हनुवटीपर्यंत आलं होतं आणि तिनं ते पुसलंही नाही.

"आलं नाही, एजे."

तेवढ्यात आपांनी हात पुढं केला, चाचपडत सुनेचा गुडघा शोधला आणि त्यावर थाप मारली.

"मोठ्यानं म्हण ग," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी त्यांना कमी ऐकू यायचं."